उन्हाळ्यात उघडत नाही तो सांधा

माझं घराणं औताच्या सुतारकीचं. दुधनेकाठच्या आमच्या गावात तिफण, वखर, कुळव, बैलगाडी ही कामं पिढ्यान्‌पिढ्या घरात होती आणि सुगीला खळ्यावरून बलुतं यायचं. लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला, आणि परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक औताच्या सुतारांना शहराची वाट धरावी लागली. तिथं त्यांच्या हाती प्लायवूड, सनमायका आणि खिळे मारायची बंदूक आली. मी सागवानी फर्निचरकडे वळलो. खुर्ची, पेटी, चौरंग, देव्हारा, लिहायचं टेबल, असं सांध्याच्या जोरावर उभं राहणारं काम. वाकस आणि पटाशी बाबांकडून शिकलो. रंधा आणि पॉलिश परभणीतल्या एका चाचांकडून. आज ज्याला बारीक फर्निचरकाम म्हणतात त्याची निम्मीअधिक विद्या औताच्या सुताराकडे आधीपासूनच होती, हे काम करता करता मला पटत गेलं. ती विद्या हातातून सुटत चालली आहे, म्हणून नव्या पोरांसाठी हे लिहून ठेवतो.

१. आधी धार

कोणतं हत्यार घेऊ, कोणत्या कंपनीचं घेऊ, हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतो. मी विचारतो, धार लावता येते का? येत नसेल तर महागातलं हत्यारही आठवड्यात बोथट होऊन पडतं.

धार म्हणजे पात्याच्या दोन गुळगुळीत बाजूंची एका रेषेत झालेली भेट. शिकाऊ पोरं उतार तेवढा घासतात आणि पाठ तशीच सोडतात. पाठीवर कारखान्यातले ओरखडे राहिले तर धारेला त्या ओरखड्यांचेच दाते पडतात. म्हणून नवी पटाशी आणली की आधी तिची पाठ, टोकाकडची दीड-दोन इंच, दगडावर सपाट टेकवून तोंड दिसेपर्यंत घासायची. हे काम पटाशीच्या जन्मात एकदाच करावं लागतं. मग उतार. साध्या कामाला २५ अंश, आणि टोकाशी ३० अंशांचा बारीक दुसरा उतार. बाभळीत भोकं पाडायची जाड पटाशी असेल तर ३५ अंशांपर्यंत जायला हरकत नाही. धार थोडी बोजड राहते, पण तुटत नाही. उतार घासत असताना पाठीवरून बोट बाहेरच्या दिशेनं फिरवा. पूर्ण रुंदीभर खरखर लागली म्हणजे धारेच्या टोकापर्यंत घासून झालं. ती खरखर आधी बारीक दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर मारायची.

दगडावर कोणतं तेल, हे इथं नीट सांगायला हवं. आपल्या घरात करडईचं तेल असतं, कुठं जवसाचंही असतं. ही दोन्ही तेलं हवेत वाळून घट्ट होतात. दगडाची भोकं त्यांनी बुजतात आणि दगड काचेसारखा निसरडा होतो. शिलाई मशीनचं पातळ तेल वापरा. पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे, तेही चांगलं होतं, पण आता ते मिळत नाही.

धार आली का हे अंगठ्यावर पाहू नका. पॅकिंगच्या खोक्याचं मऊ पाइन लाकूड घ्या आणि रेषा जिथं संपतात त्या आडव्या तोंडावरून पटाशी हातानं ढकला. कापलेली जागा चकाकली तर धार आहे. पांढुरकी, भुसभुशीत दिसली तर तंतू चेंगरले आहेत; परत दगडावर जा.

सागावर काम करताना दगडाशी फार वेळा जावं लागतं, आणि त्यात कारागिराची चूक नसते. सागाच्या तंतूंमध्ये वाळूच्या जातीची सिलिका असते, ती पातं खाते. आंब्याच्या किंवा निंबाच्या लाकडावर दुपारभर चालणारी धार सागावर तासाभरात उतरू शकते. हे माहीत नसलेला पोरगा जोर वाढवतो, आणि जोर वाढला की पटाशी घसरते. माझ्या पाहण्यातल्या हाताच्या बहुतेक जखमा बोथट पटाशीनंच झालेल्या आहेत.

२. पाणी देणारा माणूस शोधून ठेवा

ग्राइंडरवर पातं धरलं की टोकाचा रंग बदलतो. वाळल्या गवताचा पिवळसर रंग येतो तेव्हा पोलाद २२०-२३० अंश सेल्सिअसला पोचलेलं असतं, निळं होतं तेव्हा ३०० च्या जवळ. साध्या कार्बन पोलादाचं पातं निळं झालं की त्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथं धार टिकत नाही. म्हणून ग्राइंडरशेजारी पाण्याचं डबडं हवंच, आणि पातं उघड्या बोटांनी धरा. बोटाला चटका बसायला लागला की बुडवा.

आपल्याकडे रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी गाडीच्या कमानीचा पाटा तापवून त्यातून वाकस, कुऱ्हाड, पटाशी ठोकून देतात. या पाट्याचं पोलाद दणकट असतं. पाणी देताना काय होतं ते शेजारी बसून पाहण्यासारखं आहे. पातं लाल होतं, आणखी तापतं, आणि एका क्षणी त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्यानंतर थोडंसं आणखी तापवून ते बुडवायचं. बुडवलेलं पातं कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून पाठ घासून उजळ करायची आणि मंद आचेवर पिवळसर रंग येईपर्यंत पुन्हा तापवायचं. घाईत असलेला माणूस हे दुसरं तापवणं गाळतो, आणि मग बाभळीच्या गाठीवर धारेचा टवका उडतो. चांगल्या घिसाड्याला कामाचे पैसे वाढवून द्या. त्याचं ज्ञान दुकानात विकत मिळत नाही.

३. उलट रेषेवर रंधा

फळीवर रंधा मारताना लाकूड एका जागी गुळगुळीत निघतं आणि पुढच्या वितीवर उचकटतं. निंबात आणि शिसवात तर रेषा थराथरानं दिशा बदलतात. इकडून मारलं तर अर्धी फळी खराब, तिकडून मारलं तर उरलेली. मग पोरं रंधा ठेवून पॉलिश पेपर घेतात आणि दिवसभर धूळ खातात.

यावरचा इलाज रंध्यातच बसवलेला आहे. आज बाजारात मिळणारा लोखंडी रंधा मुळात अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलींच्या घडणीचा. स्टॅनली कंपनीनं त्यांचा धंदा १८६९ मध्ये घेतला आणि तीच घडण जगभर गेली. त्यात पातं ४५ अंशांवर बसतं आणि पात्यावर स्क्रूनं आवळलेली दुसरी पट्टी असते. बऱ्याच जणांना वाटतं ही पट्टी पातं दाबून धरण्यापुरती आहे. तिचं खरं काम वेगळं आहे. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी कापणारी धार भिंगाखाली चित्रित करून ते दाखवलं. पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशावर आणली की सालपट उगवताक्षणी पुढं वळून मोडतं, आणि खालचे तंतू धारेच्या पुढं फाटत जात नाहीत.

करायचं असं. पट्टीचं पुढचं टोक दगडावर घासून पात्याशी असं मिळवा की मधून उजेड दिसू नये. उजेड राहिला तर सालपट त्यात शिरतं आणि रंधा तुंबतो. मग पट्टी धारेच्या मागं केसभर अंतरावर आवळा आणि पातं अगदी कमी बाहेर काढा. सालपट सरळ, ताठ निघायला लागलं तर पट्टी काम करते आहे. वेटोळं होऊन निघालं तर ती अजून लांब आहे. फार जवळ आली तर सालपटाच्या सुरकुत्या होतात आणि रंधा ढकलायला जड जातो. रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासा, ओढण्यातला फरक लगेच हाताला कळतो.

याउपर एखाद्या शिसवी फळीनं ऐकलंच नाही तर जुन्या करवतीच्या पात्याचा आयताकृती तुकडा कापून त्याच्या कडेनं खरवडायचं. आमचे चाचा फुटक्या काचेच्या कडेनं खरवडत, आणि ती जागा पॉलिश पेपरपेक्षा स्वच्छ निघे. काच बोटाला धोक्याची, म्हणून मी पोलादावर आलो.

४. लाकूड हलतंच, त्याला जागा द्या

परभणीच्या सुतारानं सगळ्यात जास्त वेळ या गोष्टीला द्यावा असं मला वाटतं, म्हणून इथं थोडा थांबतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते. हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. मृगानंतर हवेत पाणी भरतं. लाकूड या प्रत्येक ऋतूत हवेतला ओलावा घेतं किंवा सोडतं, आणि त्यानुसार फुगतं-आक्रसतं. कापून, वाळवून, पॉलिश करूनही हे थांबत नाही. पॉलिशनं फक्त त्याचा वेग कमी होतो.

सगळ्या दिशांना ते सारखं हलत नाही. लांबीत जवळपास नाहीच. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडं, आणि वार्षिक वळ्यांच्या वळणासोबत त्याच्या जवळपास दुप्पट. ओंडक्याची आडवी चिरलेली फळी वाकते ती याच फरकामुळं. साग या बाबतीत फार गुणी लाकूड आहे, तरी तोही हलतो. अशी आडवी चिरलेली, फूटभर रुंदीची सागवानी फळी घ्या. तिच्यातला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला तर तिची रुंदी साधारण एक सुतानं बदलते. तीन फूट रुंद टेबलाला हे तीन सूत झाले. ते टेबल खालच्या चौकटीला चारही बाजूंनी खिळे आणि फेव्हिकॉल लावून जखडलं, तर पहिल्याच उन्हाळ्यात फळी मधून तडकणार. लाकडाचा जोर खिळ्यापेक्षा जास्त असतो.

त्यात आपल्याकडचा कूलर. खिडकीतल्या कूलरची ओली हवा समोरच्या कपाटावर दिवसभर आदळते आणि त्याच घरातल्या मागच्या खोलीत हवा पापडासारखी कोरडी असते. म्हणजे उन्हाळ्यात एकाच घरात दोन ऋतू. गिऱ्हाईक फर्निचर सांगायला आलं की मी आधी विचारतो, कूलर कुठं बसतो? वस्तू त्याच्या तोंडावर येणार असेल तर जागा बदलायला सांगतो, आणि ते जमत नसेल तर रुंद फळ्यांचं काम टाळून चौकटीचं काम सुचवतो.

चौकटीचं काम म्हणजे बाहेर चार अरुंद पट्ट्यांची सांधेबंद चौकट आणि तिच्या खाचेत मोकळी बसवलेली फळी. त्या फळीला गोंद लावायचा नाही. फार तर वरच्या आणि खालच्या कडेला मधोमध एक थेंब, म्हणजे फळी खाचेत खुळखुळत नाही आणि दोन्ही बाजूंना सारखी हलते. मे महिन्यात काम करत असाल तर खाचेत फळीला फुगायला जागा ठेवा, कारण ती आता सगळ्यात लहान आहे. ऑगस्टमध्ये करत असाल तर फळी खाचेत खोलवर जाऊ द्या, कारण ती आक्रसणार आहे. आणि फळी बसवायच्या आधीच तिला कडेपर्यंत रंग-पॉलिश करा. नंतर केलं तर उन्हाळ्यात कडेला बिनरंगाची पांढरी रेघ उघडी पडते. टेबलाची वरची फळी लाकडी गुटक्यांनी धरायची: गुटक्याचं एक टोक चौकटीच्या खाचेत सरकतं, दुसरं फळीला स्क्रूनं पक्कं. फळी हवी तशी हलते आणि टेबलाला काही होत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकात लाकडातल्या ओलाव्याच्या दृष्टीनं देशाचे चार हवामान विभाग केले आहेत. किनारपट्टीच्या दमट हवेत मुरलेलं लाकूड परभणीत आणलं तर ते इथं पुन्हा वाळणारच. म्हणून लाकूड आणल्या दिवशी कापायचं नाही. थरांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून ते सावलीत रचा, टोकांना रंग किंवा मेण लावा, नाहीतर टोकं आधी वाळून फाटतात. वाळलं का हे ओळखायला यंत्र लागत नाही. त्याच लाकडाचा एक तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड आपल्या हवेला बसलं.

५. सांधा तिफणीपासून शिका

तिफणीच्या दिंडात तीन फण बसतात. काळ्या जमिनीत बैल ओढत असताना प्रत्येक फणाला मागून-पुढून हिसके बसतात, आणि तिथं खिळा नसतो. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. ओल लागली की ते लोखंडाला खातं आणि भोवतालचं लाकूड काळं पडून सैल होतं. म्हणून भोक, त्यात आरपार जाणारी कूस, आणि पाचर. सैल झालं तर शेतकरी बांधावरच दगडानं पाचर ठोकून पुढच्या तासाला लागतो. खुर्चीच्या पायात मी हाच सांधा घालतो, फक्त मापं लहान.

गाडीच्या चाकात तर याहून खोल शहाणपण आहे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पाटे, आणि सगळ्यांवर लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आरात तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. ती आक्रसते आणि सगळे सांधे एकदम आवळले जातात. आरे तुंब्यात बसवण्याआधी ते खणखणीत वाळलेले असावेत, ही आमच्या घरची रीत होती. आत गेलेलं कोरडं लाकूड नंतर हवेतून ओल घेऊन फुगतं आणि भोकात आणखी घट्ट होतं. मी खुर्चीच्या आडव्या दांड्या सांध्यात घालण्याआधी काही दिवस पत्र्याखालच्या माळ्यावर तापत ठेवतो. आपल्याला यासाठी भट्टी बांधावी लागत नाही, हे परभणीच्या उन्हाचे आपल्यावरचे उपकार.

कुशीची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. भोक आधी पाडा आणि कूस त्याला मिळवून घ्या. उलट केलं तर भोक मोठं होत राहतं. कूस हाताच्या दाबानं जावी. हातोड्यानं जात असेल तर भोकाचे कान फुटतील, आपसूक पडत असेल तर गोंदाचा भरवसा नाही.

आणि सांधा ओढून घ्यायची युक्ती. सांध्यातून आरपार मेख ठोकायची असते तेव्हा भोकाच्या लाकडात छिद्र पाडा, कूस आत घालून गिरमिटाच्या टोकानं त्यावर खूण करा, कूस काढा, आणि कुशीतलं छिद्र त्या खुणेपेक्षा पाव ते अर्धा सूत खांद्याच्या, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या पायरीच्या, बाजूला पाडा. बांबूची टोकदार मेख ठोकली की ती वाकत आत जाते आणि खांदा चौकटीला घट्ट ओढून घेते. शिकंजा लागत नाही. गोंद उद्या सुटला तरी सांधा धरून राहतो. जुन्या वाड्यांच्या दरवाजांच्या चौकटी मी उकलल्या आहेत. कित्येकांत गोंदाचा मागमूस नव्हता आणि मेख मात्र हलत नव्हती.

६. पेन्सिलीनं विचार, चाकूनं आखणी

पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, आणि करवत त्या जाडीत कुठंही जाऊ शकते. कुशीचा खांदा चाकूच्या रेघेनं आखा. चाकू तंतू कापतो, पटाशीचं टोक त्या चिरेत आपोआप बसतं, आणि कडा फाटत नाही.

नवा गुण्या विश्वासानं वापरू नका. सरळ कडेला टेकवून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा एकावर एक आल्या नाहीत तर गुण्या दुकानदाराला परत करा. चौकट जोडताना कोपऱ्यांपेक्षा कर्ण मोजा. आणि एकाच वस्तूचे चार पाय करायचे असतील तर टेप चार वेळा वापरू नका. एका काठीवर सगळी मापं एकदाच आखा आणि ती काठी चारही पायांना लावा. बाबांना अंक फारसे वाचता येत नव्हते. त्यांच्या काठ्यांवरच्या खुणांनी केलेल्या गाड्यांची चाकं एकमेकांना बदलून बसत.

७. करवत

इथं थोडक्यात. रेषेच्या दिशेनं चिरायची करवत वेगळी, आडवं कापायची वेगळी. पहिलीचे दात पटाशीसारखे सरळ घासलेले, दुसरीचे चाकूसारखे तिरके. एकाच करवतीनं दोन्ही करायला गेलं की खांदा फाटतो. तिकोनी कानशीनं दात घासायला शिका. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोकं निळी-काळी दिसतात. ती विजेनं कडक केलेली असतात, त्यांवर कानस घसरते, आणि बोथट झाल्या की त्या टाकूनच द्याव्या लागतात. भंगारातली जुनी करवत घ्या, वाकलेली नाही ना एवढं पाहा.

जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून कापायची आपली रीत मागासलेली नाही. लहान तुकड्याला पायाच्या अंगठ्यांची पकड लोखंडी शिकंज्यापेक्षा लवकर बसते आणि लवकर सुटते. पण रंध्याला ठोकलेलं, न हलणारं टेबल हवं. कंबर त्याचा हिशोब म्हातारपणी मागते.

८. लाकूड ओळखा

साग आपल्याकडे किनवटच्या बाजूनं येतो, आलापल्लीच्या जंगलातला आणि बल्लारशाच्या डेपोतला येतो, आणि पडलेल्या वाड्यांतूनही. वाड्याचा साग मला सगळ्यात आवडतो. शंभर उन्हाळे पाहून तो शांत झालेला असतो. त्यावर रंधा घालण्याआधी मात्र लोहचुंबक फिरवा. आत तुटलेले खिळे असतात. फळीत सालीलगतचं पांढरं लाकूड आहे का ते पाहा. सागाला वाळवी लागत नाही ही ख्याती गाभ्याची आहे. पांढरा भाग भुंगा आनंदानं खातो.

बाभळीला फर्निचरवाले नाकं मुरडतात, याचं मला वाईट वाटतं. कठीण, जड, लालसर तपकिरी, आणि आपल्या बांधावर उगवणारी. आमच्याकडे ताज्या बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत, त्यानं भुंग्याचं खाद्य निघून जातं. अशी बाभूळ खुर्चीच्या पायांना, मेखांना, लाकडी हातोड्याला उत्तम. हत्यारांच्या दांड्यांना मात्र धावडाच. तो हिसका गिळतो.

९. सरस आणि फेव्हिकॉल

फेव्हिकॉल १९५९ मध्ये आलं आणि सरसाची हंडी दुकानांतून गेली. फेव्हिकॉल सोयीचं आहे, मीही वापरतो. पण खुर्चीच्या सांध्यांना मी अजून सरस लावतो. गरम पाणी आणि वाफ दिली की सरस सुटतो, म्हणजे नातवाच्या काळात ती खुर्ची उकलून दुरुस्त करता येते. फेव्हिकॉलचा जुना सांधा उकलताना बहुतेक वेळा लाकूडच फाटतं. सरस उकळू द्यायचा नाही, गरम पाण्याच्या भांड्यात हंडी ठेवूनच तापवायचा. उकळला की त्याची ताकद गेली.

१०. चकाकी शेवटी येते

रंध्यानं नीट काढलेल्या सागाला पॉलिश कमी लागतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत कापूस गुंडाळून, पातळ थरांवर थर द्यायचे. स्पिरिट उडतं आणि लाखेचा पापुद्रा मागं राहतो. पावसाळी दमट दिवशी हे काम करू नका. हवेतली ओल थरात अडकते आणि पांढरी धुरकट झाक येते. दसऱ्यानंतरची कोरडी, निवळलेली हवा याला सगळ्यात चांगली.

रोज हाताळायच्या वस्तूला मी तेल देतो. जवसाचं तेल आतपर्यंत मुरतं आणि वाळून घट्ट होतं, पण वर्षागणिक पिवळं पडतं. करडईचं सावकाश वाळतं, रंग कमी बदलतो. म्हणूनच चित्रकारांच्या फिक्या रंगांत ते वापरतात. आपल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण दिलं. ज्या जिल्ह्याच्या नावानं करडईचं वाण ओळखलं जातं, तिथल्या सुतारानं देव्हाऱ्याच्या फिक्या लाकडाला करडईचं तेल लावून पाहावं असं मला फार वाटतं. थर अगदी पातळ, आणि दोन थरांमध्ये भरपूर दिवस.

तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यांच्या ढिगात ती कोंडली तर ढीग आपोआप पेटतो. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, भुशाशेजारी हा धोका खरा आहे. बोळे एकेक करून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

११. पंधरा हजार रुपयांत काय घ्यावं

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पोरं विचारतात, काय घेऊ? ड्रिल मशीन उपयोगाचं आहे, मी नाही म्हणत नाही. जाड लाकूड सॉमिलमध्येच चिरून आणा, त्यात हात झिजवण्यात काही मोठेपणा नाही. पण सांधा बसतो तो हातहत्यारानं, आणि उरलेले पैसे तिथं घाला: एक भरड आणि एक बारीक दगड, चामड्याचा पट्टा, अर्ध्या, पाऊण आणि एक इंचाच्या पटाश्या, भोकाची एक जाड पटाशी, एक मध्यम रंधा, दोन करवती, तिकोनी कानस, गुण्या, चाकू. लाकडी हातोडा बाभळीचा स्वतः करा.

पहिलं काम चौरंगाचं घ्या. दीड फूट चौरस, चार पाय, चार आडव्या पट्ट्या, आठ कुशी, वरची फळी गुटक्यांवर. यात धार, रेषा, आखणी, भोक, मेख, हलणारी फळी आणि पॉलिश सगळं येतं, आणि लाकूड थोडक्यात भागतं. शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. एप्रिलभर तो कूलरसमोर ठेवा, मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, आणि जुलैत ओसरीवर. दर वेळी खांद्याच्या फटीत साधा पोस्टकार्डाचा कागद घालून पाहा. आठही ठिकाणी कागद अडला तर गिऱ्हाइकाची खुर्ची करायला घ्या. एखाद्या ठिकाणी गेला तर तो सांधा उकला, कुशीचा खांदा चाकूनं पुन्हा आखा, आणि मेखेचं छिद्र पाव सूत खांद्याकडं घेऊन नवी मेख ठोका.